सरकी पेंडीची तपासणी आणि एका रकान्यात गेलेले तीन आठवडे

पेंड तपासायला देणार असाल तर पहिल्याच दिवशी अर्जावर वस्तूचं नाव मराठीत आणि कन्नडात, दोन्हीकडे लिहा. मला हे कुणी सांगितलं नाही.

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, घरी चार म्हशी. पेंड महाराष्ट्रातल्या चंदगडहून आणतो, म्हणून बिल मराठीत. या खेपेची पोती फोडल्यापासून म्हशी गव्हाणीत तोंड घालून मागे सरायच्या. नमुना बांधून बेळगावची प्रयोगशाळा गाठली.

खिडकीवर पहिल्या दिवशी सांगितलं, "कन्नडात लिहून आणा." कन्नड शाळेत शिकलेल्या पुतणीने 'हत्तीकाळु हिंडी' असं लिहून दिलं. दुसऱ्या खेपेला तोच माणूस म्हणाला, "बिलावर सरकी पेंड, अर्जावर हिंडी. वस्तू जुळत नाही." सरकी म्हणजेच हत्तीकाळु, पेंड म्हणजेच हिंडी. आमच्या बाजारात एकाच पोत्याला दोन्ही नावं चालतात. त्याला हे माहीत नसेल, यावर माझा आजही विश्वास बसत नाही. दुकानदाराचं पत्र मागितलं. चंदगडला जाऊन आणलं, तर ते मराठीत म्हणून परत. दर खेपेला एसटीचं भाडं, दिवसाची मजुरी आणि धारेची वेळ गेली. चौथ्यांदा गेलो तेव्हा आतले एक वयस्कर कर्मचारी म्हणाले, "मामा, इकडं द्या." त्यांनी दोन्ही नावं शेजारी लिहिली, शिक्का मारला. दोन मिनिटं लागली. मला बरं वाटायच्या आधी रडूच आलं.

नमुन्याचं राहिलं: एकाच पोत्यातून घेऊ नका. चार-पाच पोत्यांतून, वरून, मधून, तळातून घेऊन एकत्र करा. अर्धा भाग बांधून घरी ठेवा.

आणि नुसती प्रथिनं तपासू नका. प्रयोगशाळा नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. युरियात नायट्रोजन ४६ टक्के असतो, म्हणून शंभर किलो पेंडीत एक किलो युरिया मिसळला तरी प्रथिनं जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढलेली दिसतात. टरफलासकट सरकीच्या पेंडीत साधारण २२ टक्के प्रथिनं असतात. माझ्या अहवालात २७ आली. युरियाच्या रकान्यावर त्या वयस्कर कर्मचाऱ्यांनीच खूण करायला लावली होती, आणि तिथे 'आढळला' असं लिहून आलं. ती खूण नसती तर मी २७ टक्के बघून आणखी दहा पोती आणली असती.

चांगली सरकी पेंड मात्र सोडू नका. तिच्यातलं तेल दुधाच्या फॅटला हातभार लावतं. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, पण मोठ्या जनावराच्या पोटात ते प्रथिनांशी बांधलं जातं आणि पेंड बेताने घातली तर सहसा बाधत नाही. रवंथ नीट सुरू न झालेल्या लहान रेडकाला ती घालू नका, कोंबड्यांनाही जपून. बुरशी दिसली तर पोतंच टाका, कारण बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष दुधात उतरतं आणि ते दूध आपलीच पोरं पितात.

घरी बांधून ठेवलेला अर्धा नमुना आणि अहवाल घेऊन चंदगडला गेलो. दुकानदाराने उरलेली तिन्ही पोती परत घेतली आणि पैसे मोजून दिले.