बांधलेल्या घोट्याची वारी

वडाळ्याला चालत, तेही ठाण्याहून? आमच्या दिंडीतल्या माणसाला हा प्रश्न दरवर्षी एकदा तरी ऐकावाच लागतो. हो, ठाण्याहून. वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराला मुंबईत प्रतिपंढरपूर म्हणतात. आळंदीपासून चालायला ज्यांना रजा मिळत नाही, किंवा माझ्यासारखा पाय साथ देत नाही, असे आम्ही पन्नास-साठ जण आषाढीला पहाटे नौपाड्यातून निघतो आणि एलबीएस मार्गाने जातो. वीस-पंचवीस किलोमीटर, कोण कुठून मोजतो त्यावर.

६ जुलै २०२५, रविवार. साडेतीनला बुवांनी वीणा गळ्यात घातली तेव्हा मी पायरीवर बसून बुटाची नाडी तिसऱ्यांदा बांधत होते. उजव्या पायात पोटरीपर्यंत येणारा कडक प्लास्टिकचा ब्रेस, त्यावर सात नंबरचा बूट. डाव्या पायात माझा नेहमीचा सहा. एक सात आणि एक सहा असा जोड कुठलाच दुकानदार देत नाही, म्हणून दोन जोड घ्यावे लागले. एक डावा सात नंबरचा आणि एक उजवा सहा नंबरचा असे दोन कोरे बूट माळ्यावर पडून आहेत. कोणाला उपयोगी असतील तर खुशाल न्या.

घोट्याची गोष्ट २००९ सालची. पावसाळ्यात गाडी पकडायच्या घाईत जिन्यावरून घसरले आणि घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं मोडली. प्लेट बसली, स्क्रू बसले, हाड जुळलं. "आता चाला बिनधास्त," असं त्या डॉक्टरांनी सांगितलं आणि मी चालले. २०१५ आणि २०१६ ला सासूबाईंची माळ गळ्यात घालून आळंदी ते पंढरपूर पूर्ण वारी केली. दिवेघाट चढले, रिंगणात धावले, फुगड्या घातल्या. हाडाबरोबर सांध्यातली कूर्चाही दुखावलेली असते आणि तिचा हिशोब पुढे दहा-बारा वर्षांनी द्यावा लागतो, हे तेव्हा कोणी बोललं नव्हतं. गुडघा बहुतेकांचा वयाने झिजतो. घोटा तसा चिवट, आपणहून फारसा झिजत नाही. घोट्याचा संधिवात झालेल्या बहुतेकांच्या मागे माझ्यासारखं एखादं जुनं फ्रॅक्चर किंवा पुन्हा पुन्हा मुरगळलेला पाय असतो.

कोविडनंतर सकाळची पहिली दहा पावलं भिंत धरून पडायला लागली. जेल लावलं, महानारायण तेल चोळलं, गोळ्या झाल्या. युरिक ॲसिड आणि आमवाताच्या तपासण्या केल्या, दोन्ही नॉर्मल. झोपवून काढलेल्या एक्स-रेत "थोडी झीज" दिसायची. तिसऱ्या डॉक्टरांनी मला उभं करून, पायावर भार देऊन एक्स-रे काढायला लावला. दोन्ही पाय एकाच फिल्मवर. डाव्या घोट्यात दोन हाडांच्या मधे स्वच्छ काळी फट होती. उजवीकडे हाडावर हाड टेकलं होतं. त्या फिल्मकडे बघून मला खरं तर बरं वाटलं. तीन वर्षं घरात सगळ्यांना वाटत होतं की मी कुरकुरी आहे.

स्टिरॉइडचं एक इंजेक्शन घेतलं, ते चार महिने पुरलं. एका ठिकाणी आपलंच रक्त काढून त्यातला प्लेटलेट्सचा भाग सांध्यात टोचायचा, ते पीआरपी सुचवलं आणि लग्नाच्या मेन्यूसारखं छापील दरपत्रक हातात दिलं. लेकीने रात्री मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं. नेदरलँड्समध्ये घोट्याच्या संधिवाताचे १०० रुग्ण घेऊन केलेला अभ्यास २०२१ साली छापून आला. निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना नुसतं सलाइन, आणि सहा महिन्यांनी दोघांत फरक नाही. म्हणजे मिठाचं पाणीच. मिठागरांच्या वडाळ्याला चालत जाणाऱ्या बाईने मिठाचं पाणी पैसे मोजून का टोचून घ्यावं? दरपत्रक रद्दीत गेलं.

आता राहिले दोन रस्ते. एक, सांधा बदलणं. दुसरा, सांधा कायमचा जोडून टाकणं, म्हणजे फ्युजन. घोट्यातली उरलीसुरली कूर्चा खरवडायची, नडगीचं हाड आणि त्याखालचं हाड स्क्रूने आवळायचं आणि दोघांचं एक हाड होऊ द्यायचं. दुखणारा सांधाच राहत नाही. दीड महिना पाय टेकवायचा नाही, मग बूट घालून हळूहळू, आणि हाड पक्कं जुळेपर्यंत तीनेक महिने. सर्जनने पहिला प्रश्न काय विचारावा? "तंबाखू? मिश्री?" तंबाखूने हाड जुळत नाही म्हणे. मी गळ्यातली तुळशीची माळ दाखवली. ते म्हणाले, "माळ घालून मिश्री लावणाऱ्या चार जणी याच महिन्यात बघितल्यात." यावर काय बोलणार!

गुडघ्याचं सगळे मला सांगतात. आमच्या सोसायटीतच पाच जणींचे गुडघे बदललेले आहेत. "बदलून टाक, महिन्यात जिना चढशील," हे वाक्य मला पाठ झालंय. घोट्याचं तसं नाही. बदललेला घोटा हलता राहतो, पण ढिला होऊन पुन्हा ऑपरेशन लागण्याची भीती असते. जोडलेला ढिला होत नाही, पण मग आजूबाजूचे छोटे सांधे जास्त राबतात आणि वर्षानुवर्षांनी तेही दुखू शकतात. २०२२ मध्ये ब्रिटनमधला एक अभ्यास आला, ५० ते ८५ वयाचे ३०३ रुग्ण. वर्षभरानंतर दोन्ही बाजूंच्या लोकांना चांगला आराम होता आणि दोघांत सांगण्यासारखा फरक नव्हता. बदललेल्यांच्या जखमा भरायला जास्त त्रास झाला, जोडलेल्यांपैकी काहींची हाडंच जुळली नाहीत. माझं वय ५६, पायाचा कोन जरा वाकडा आणि चालण्याची हौस मोठी. म्हणून सर्जनचा कौल जोडण्याकडे.

माझा जीव न हलणाऱ्या पायाच्या कल्पनेनेच घाबरत होता. तेव्हा फिजिओथेरपिस्ट ताई म्हणाली, "मावशी, कडक ब्रेस बनवून घ्या आणि थोडे दिवस चालून बघा. जोडलेला घोटा कसा वाटेल त्याचा अंदाज येईल." ब्रेस तयार झाला जूनच्या शेवटच्या आठवड्यात. आषाढी समोर होती. ताईला मी सगळं सांगितलं नाही, एवढं खरं.

तर निघालो. तीन हात नाका, चेक नाका, मुलुंड. अंधार, भुरभुर पाऊस, टाळ. सपाट रस्त्यावर मला आश्चर्याचा धक्काच बसला. कळ नव्हती! टाच टेकली की बुटाचा गोल तळ पाऊल आपोआप पुढे लोटत होता. पंधरा मिनिटांत चाल ज्ञानबा-तुकारामच्या ठेक्यात बसली. काठी डाव्या हातात होती. भांडुपच्या सोनापूरला एका काकांनी मला थांबवून ती उजव्या हातात दिली, "माऊली, दुखऱ्या बाजूला धरा." मी थँक्यू म्हटलं, ते पुढे गेल्यावर परत डावीकडे घेतली. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते, हे आता मी झोपेतही सांगेन.

या रस्त्यावर डोक्यावर मेट्रो चारचे खांब आहेत. ती मेट्रोही वडाळ्याहूनच निघून कासारवडवलीला यायची आहे, म्हणजे आमचीच दिंडी उलट दिशेने. तोवर खाली बॅरिकेड, खड्डे आणि तुंबलेलं पाणी. खरी परीक्षा तिथे झाली. न हलणाऱ्या पायाला उतार कळत नाही. गांधीनगरच्या अलीकडे फुटपाथवरून उतरताना पाऊल उताराला लागेना आणि गुडघा एकदम पुढे फेकला गेला. मागच्या वहिनींनी दंडाला धरलं म्हणून वाचले. पुढे मी आडवी उतरायला शिकले, खेकड्यासारखी.

विक्रोळीला विसावा होता. सगळे राजगिऱ्याचे लाडू घेऊन फुटपाथवर उकिडवे बसले आणि मी उभीच राहिले. घोटा वाकल्याशिवाय उकिडवं बसता येत नाही, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. दुखण्याने मी तसं दोन वर्षं बसत नव्हतेच, पण आपण बसत नाही आणि आपल्याला बसताच येणार नाही यात फरक आहे. कोणीतरी टेम्पोतून प्लास्टिकचं स्टूल आणलं. उपासाचा दिवस, गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नाही, म्हणून आधी दोन लाडू आणि केळं खाल्लं, मग गोळी. वहिनींना वाटलं, मी उपास मोडतेय की काय.

विक्रोळी ते सायन मी टेम्पोत बसून गेले. ब्रेसच्या वरच्या काठाने पोटरी सोलवटली होती आणि बुवांनी स्पष्ट सांगितलं, "गाडीत बसा, वाद नको." घोंगड्या, पाण्याचे कॅन आणि एक झोपलेलं पोर यांच्यामध्ये बसून घाटकोपर-कुर्ला गेलं.

सायनला उतरले आणि शेवटचा टप्पा पुन्हा चालले. मंदिराजवळ रांग संपता संपत नव्हती. पावली सुरू झाली तेव्हा मी कडेला उभी राहून नुसत्या टाळ्या वाजवल्या. दर्शनाला वाकले ती कमरेतून. डोकं ठेवता आलं.

परतीच्या लोकलमध्ये ब्रेस सोडला. घोटा सुजला होता, पण रोजच्या चार किलोमीटरनंतर सुजतो त्याहून कमीच. समोरच्या बाईने विचारलं, "फ्रॅक्चर का हो?" म्हटलं, "सोळा वर्षांपूर्वी."

सोमवारी फिजिओ ताईला सगळं सांगितलं. आधी रागावली, मग पोटरीवरची जखम बघत बघत उकिडवं बसण्याचं काय ते नीट विचारून घेतलं. गुरुवारी सर्जनकडे गेले आणि तारीख घेतली, दिवाळीनंतरची. कार्तिकी जाईल. घरी येऊन पुढच्या वर्षीची आषाढी बघितली. २०२६ ला ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे एकादशी २५ जुलैला येते. म्हणजे मला एकोणीस दिवस जास्त मिळाले.