लग्नातली ‘सोय’

ब्रिटनमधल्या बऱ्याच लग्नांत कॅश बार, म्हणजे पाहुण्यांनी स्वतःच्या पैशानं प्यायचा बार असतो. लग्न आटोपून मंडळी हॉलवर आली की स्वागताचा पेला मिळतो, जेवणाच्या टेबलावर वाइन असते, भाषणं झाली की वधूवरांच्या नावानं उंचवायला प्रोसेको ही फेसाळती वाइनही मिळते. हे सगळं यजमानांकडून. रात्री नाच सुरू झाला की मात्र बारवर जायचं, हवं ते मागायचं आणि आपलं कार्ड टेकवायचं. काही यजमान बारवाल्याकडे ठरावीक रक्कम आधीच भरून ठेवतात. ती असेतोवर सगळ्यांना महागडी सिंगल माल्ट व्हिस्कीच लागते. संपली की पुष्कळांना अचानक नळाचं पाणी गोड लागतं.

माझा भाचा लीड्सला असतो. ऑफिसातल्या मित्राच्या लग्नाला जाऊन आल्यावर त्यानं फोनवर हे वर्णन केलं आणि ताई हादरलीच. “म्हणजे जेवायला बोलवायचं आणि मठ्ठ्याचे वेगळे पैसे घ्यायचे?”

“अगं आई, नवरा-नवरीनं स्वतःच्या पगारातून लग्न केलंय. शंभर माणसं मध्यरात्रीपर्यंत पिणार, ते कुठून आणणार एवढे?”

मुलाचा हिशेब चोख होता. तरी मी ताईच्या बाजूची.

पाहुण्यांच्या पैशानं लग्न साजरं करणं ही तशी त्या मुलखाची जुनीच रीत. स्कॉटलंडमध्ये ‘पेनी वेडिंग’ व्हायची. पाहुणे थोडे थोडे पैसे घालायचे, त्यातून खाणंपिणं आणि वाजंत्री भागायची, उरलं तर नव्या जोडप्याच्या संसाराला. डेव्हिड विल्की या चित्रकारानं १८१८ साली अशा एका लग्नाचं चित्र काढलंय. त्यात नील गाऊ हा तिकडचा गाजलेला फिडलवादक वाजवतोय आणि लोक मजेत नाचताहेत. पेनी दिल्याचं दुःख कुणाच्या तोंडावर दिसत नाही.

आणि आपण तरी काय वेगळं करतो? स्टेजच्या बाजूला टेबल टाकून एखादे काका वही घेऊन बसतात. पाकीट फोडायचं, नोटा मोजायच्या, नाव लिहायचं, पुढे १०१ किंवा ५०१. तो एक रुपया पाकिटावरच चिकटवलेला असतो, म्हणून रक्कम विषम ठेवायचीही काळजी नाही. पुढे त्या घरी लग्न निघालं की हीच वही कपाटातून बाहेर येते. ‘त्यांनी आपल्याला किती घातले होते?’ म्हणजे वसुली आहेच. पण आहेर किती घालायचा ते पाहुणा ठरवतो, घरून ठरवून येतो, आणि त्याच्या बदल्यात जिलबी मोजून मिळत नाही. बारच्या काउंटरवर भाव लिहिलेला असतो. एकदा भाव वाचला की माणूस पाहुणा राहत नाही, गिऱ्हाईक होतो. माझा आक्षेप एवढाच. परवडत नसेल तर बार ठेवू नका. पन्हं द्या, सोलकढी द्या, नुसतं वाळ्याचं पाणी द्या. पण जे द्याल ते तुमचं असू द्या.

गोव्यातल्या ख्रिश्चन लग्नांत हा प्रश्न कुणाला पडत नाही. वधूवरांच्या नावानं पेले उंचावून टोस्ट होतो, बार मांडलेला असतो, यजमान देतो, विषय संपला.

आपल्या घाटावरच्या पांढरपेशा लग्नांत मात्र दारू नसतेच. कार्यालयाच्या भिंतीवर ‘मद्यपान व मांसाहारास सक्त मनाई’ अशी पाटीच असते. तिच्याखाली उभं राहून नवरदेवाचा मामा हळूच विचारतो, “सोय काय केलीय?” मग सीमांतपूजन चालू असताना चार-पाच माणसं ‘जरा गाडी नीट लावून येतो’ म्हणून जी जातात, ती अर्ध्या तासानं बडीशेप चघळत येतात. डिकीत खंबा, प्लॅस्टिकचे ग्लास, वर्तमानपत्रावर ओतलेले शेंगदाणे. रीतसर पाजायचं तर राज्य उत्पादन शुल्क खात्याकडून एका दिवसाचा परवाना काढावा लागतो आणि पंचवीस वर्षांखालच्या पाहुण्याला व्हिस्की देता येत नाही. डिकीत हे कोण बघतंय?

या सगळ्याचे पैसे बहुतेक वेळा मुलीचा बाप देतो. त्यानं आयुष्यात थेंब घेतलेला नसला तरी. लग्नाच्या हिशेबात मांडववाला, आचारी, फुलं, बँड यांच्या स्वतंत्र ओळी असतात आणि ही रक्कम ‘किरकोळ’मध्ये जाते. ते किरकोळ बघितलंय मी; भटजींच्या दक्षिणेपेक्षा मोठं होतं.

बरं, ही सोय फक्त पुरुषांची. ताईला कुणी डिकीपाशी बोलावलेलं मला आठवत नाही. लीड्समध्ये निदान कार्ड असेल त्या बाईला पेला मिळतो. हे मी तिला सांगितलं तर म्हणाली, “मला मठ्ठाच बरा. पण विचारायला काय जातं यांचं?”