रिकाम्या खोक्याची किंमत

परवा दुपारी जुन्या व्हिडिओ गेम्सच्या लिलावाची यादी उगाच खालीवर करत बसलो होतो. एका ठिकाणी अंगठा थांबला. ‘फक्त खोका, कॅसेट नाही.’ आणि आकडा मात्र नुसत्या कॅसेटपेक्षा मोठा! पुठ्ठ्याचा खोका, कोपरे दबलेले, एका बाजूला दुकानाचं लेबल नखाने खरवडल्याच्या पांढऱ्या रेघा.

तसं बघितलं तर बरोबरच आहे. सुपर निन्टेंडो या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्राच्या कॅसेटचे खोके पुठ्ठ्याचे, आणि खोका जपणारं मूल मी तरी पाहिलेलं नाही. कात्री आणेपर्यंत दम कुणाला? आतली माहितीपुस्तिका तेवढी वाचली जायची, तीही भावाची पाळी चालू असताना, नाइलाजाने. खोका आधी कपाटावर, मग कपाटाखाली, मग आईच्या आवराआवरीत गायब. कॅसेट मात्र चिवट. चालली नाही की काढायची, खालच्या सोनेरी दातांवर फुंकर मारायची, परत खोचायची. चालायची ती पुन्हा नीट बसल्यामुळे. फुंकरीतल्या दमटपणाने उलट ते दात गंजतात. हे सगळं आता पाठ आहे, तरी हातात कॅसेट आली की ओठ आपोआप गोल होतात.

नुसता जुना झाला म्हणून मात्र गेमला भाव येत नाही. भाव येतो तो बहुतेक वेळा तेव्हा कुणी न विचारलेल्याला. ‘अर्थबाउंड’ १९९५ मध्ये अमेरिकेत आला, भल्यामोठ्या खोक्यात, मार्गदर्शक पुस्तकासकट. जाहिरात काय, तर ‘या गेमला घाण वास येतो’! खपला नाही, यात नवल नाही. आज त्याच खोक्यासाठी झुंबड.

उलट अटारी कंपनीचा १९८२ चा ‘ई.टी.’ इतका छापला की उरलेल्या कॅसेट न्यू मेक्सिकोत, अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुराव्या लागल्या. साधा ‘ई.टी.’ अजूनही स्वस्तात मिळतो. पण २०१४ मध्ये तो डेपो उकरला आणि त्यातून निघालेल्या कॅसेट मिळून लाखभर डॉलरना गेल्या. घाणीतून आल्याचा दाखला सोबत हवा, बस्स.

‘स्टेडियम इव्हेंट्स’ची तऱ्हा तर आणखी वेगळी. बांदाई कंपनीचा हा १९८७ चा गेम पायाखाली चटई घालून खेळायचा. निन्टेंडोने ती चटईच आपल्याकडे घेतली आणि पुढच्या वर्षी जवळपास तोच गेम ‘वर्ल्ड क्लास ट्रॅक मीट’ नावाने आणला. आता नवं नाव किरकोळीत पडून असतं, आणि जुन्या नावाची अमेरिकन कॅसेट हजारो डॉलर मागते. धावणारी माणसं दोन्हीकडे तीच.

आणि जे कॅसेटवर आलेच नाहीत त्यांचं काय? ‘पी.टी.’ हा भयखेळ २०१४ मध्ये फुकट वाटला होता. पुढच्या वर्षी तो ऑनलाइन दुकानातून काढला, तेव्हा लोक तो उतरवून घेतलेली आख्खी प्लेस्टेशन चढ्या भावाने विकू लागले. निन्टेंडोने २०२३ च्या मार्चमध्ये ३डीएस या हातात धरून खेळायच्या यंत्राचं ऑनलाइन दुकान मिटवलं. फक्त तिथेच मिळणारे गेम आता नव्याने विकत घेता येत नाहीत, खिशात कितीही पैसे असोत.

माझा खरा राग सीलबंद गेमांवर आहे. २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ची एक न उघडलेली प्रत १५ लाख ६० हजार डॉलरना गेली. एक कोटीहून जास्त प्रती खपलेला गेम! दुर्मीळ काय, तर कुणी न खेळणं. वर प्लास्टिकच्या पेटीत बंद करून, किती नवीकोरी आहे याचे गुण दिलेले. असली वस्तू मला कुणी फुकट दिली तर मी ती संध्याकाळच्या आत फोडीन.

मला वापरलेल्या कॅसेटच आवडतात. माझ्याकडची ‘झेल्डा’ या गेमची कॅसेट सुरू केली की पडद्यावर खेळ साठवायच्या तीन जागा दिसतात. पहिलीत कुणाचं तरी नाव आणि जीव मोजणारी वीसच्या वीस हृदयं. दुसरीत वेगळं नाव आणि फक्त तीन. हे धाकटं भावंडच असणार. नाव घातलं आणि पाळीच आली नाही. मला ती नावं पुसवत नाहीत. ती जपून ठेवणारा आतला चपटा सेल तीस वर्षांचा तरी असेल. तो संपला की दोघंही जाणार, आणि बदलायला काढला तरी जाणार. आधी सगळं उतरवून ठेवणारं यंत्र मिळतं म्हणे, बघू. तोवर तिसऱ्या जागेत मी खेळतो. सध्या एका गुहेत अडकलोय.