बेडफर्डची बॅटरी उकळते तेव्हा

मुंबईच्या दारूखाना भागातल्या एका शेठकडे जुना बेडफर्ड ट्रक आहे. शिवडीला 1928 ते 1954 जनरल मोटर्सचा कारखाना होता, गाडी तिथलीच, असं शेठ अभिमानाने सांगतात. कागद मी पाहिलेले नाहीत. लालबागच्या एका मंडळाचा गणपती मात्र दरवर्षी त्याच ट्रकवरून येतो.

आगमनाला चार दिवस उरले असताना शेठचा फोन आला. "काका, बॅटरी उकळतेय. हेडलाइटचे बल्बपण उडाले. दोन वायरमन येऊन गेले."

गेलो तर ट्रक नव्या रंगात चकचकीत. बॅटरीच्या झाकणांवर ॲसिडचे ओघळ, पाणी प्लेटांच्या खाली. पहिल्या वायरमनने कटआउट, म्हणजे चार्जिंग सांभाळणारा डबा, बदलला होता. दुसऱ्याने चोरबाजारातून लुकास कंपनीचा आरबी 106 डबा आणून लावला, तरी तेच.

आपल्याकडे त्या अख्ख्या डब्याला कटआउट म्हणतात, पण आत दोन कॉइली असतात आणि दोघींची कामं वेगळी. खरा कटआउट डायनॅमोचा व्होल्टेज 13 च्या आसपास गेला की बॅटरी जोडतो आणि इंजिन मंदावलं की सोडतो. तो नसता तर उभ्या गाडीत बॅटरीच डायनॅमोत रिकामी झाली असती. दुसरी कॉइल रेग्युलेटरची. डायनॅमो जितका जोरात फिरेल तितका व्होल्टेज चढतो, म्हणून लगाम घालायचा तो फील्डला, म्हणजे डायनॅमोतल्या विजेवर चालणाऱ्या चुंबकाला. व्होल्टेज ठरल्या हद्दीला पोचला की कॉइल पत्री ओढते, पॉइंट उघडतात आणि फील्डच्या वाटेत साधारण 60 ओहमचा रेझिस्टन्स येतो. फील्ड कमजोर, व्होल्टेज खाली, पॉइंट पुन्हा बंद. हे सेकंदाला कितीतरी वेळा चालतं. डब्यावर बोट ठेवलं तर बारीक थरथर लागते. पत्रीच्या मागे बायमेटलची, म्हणजे दोन धातू जोडलेली, स्प्रिंगही असते, थंडी-उन्हाप्रमाणे हद्द थोडी सरकवायला. हल्लीच्या अल्टरनेटरवाल्या पोरांना हे दाखवलं की ती डोळे मोठे करून बघतात.

चार्जिंग वाढलं की लगेच ॲडजस्टिंग स्क्रूला हात घालायचा, ही सवय मला पटत नाही. आधी मोजावं. कटआउटच्या पॉइंटमध्ये कागदाचा तुकडा सरकवला, म्हणजे बॅटरी डायनॅमोपासून सुटली. शेठच्या पोराला हळूहळू रेस द्यायला सांगितलं. मीटरचं एक टोक डब्याच्या डी (डायनॅमो) टर्मिनलवर, दुसरं ई (अर्थिंग) टर्मिनलवर. काटा 16 च्या जवळ जाऊन थांबला. बॅटरी तोडून मोजताना एवढाच यायला हवा. ही चाचणी झटपट उरकावी लागते, कॉइल तापली की आकडा सरकतो.

म्हणजे डबा चांगला. मग बॅटरी उकळते कशाने?

मीटरचं दुसरं टोक ई वरून काढून डायनॅमोच्या बॉडीला लावलं. तशाच रेसवर काटा 18 च्या वर! मधले दोन व्होल्ट ई आणि बॉडीमध्ये अडकले होते. ई ची वायर धरून मागे गेलो. तिचा थिंबल, म्हणजे टोकाची धातूची कडी, बॉनेटखालच्या पत्र्यावर स्क्रूने आवळलेला, आणि त्या पत्र्यावर रंगाचे दोन जाड हात. स्क्रूच्या आट्यांनी रंग थोडाफार खरवडला असेल, तेवढंच काय ते अर्थिंग. तो जोड पूर्ण तुटला असता तर कटआउट ओढलाच नसता आणि चार्जिंग बंद पडलं असतं. इथे अर्धामुर्धा होता. रेग्युलेटर आपल्या दोन टोकांमधले 16 इमानाने सांभाळत होता आणि बॅटरीला दोन जास्त जात होते.

"रंगामुळे?" शेठचा विश्वास बसेना. "रंगालाच तर सगळ्यात जास्त पैसे गेले!"

पॉलिश पेपरने पत्रा लख्ख केला, थिंबल घासून पुन्हा आवळला, शिवाय ई पासून थेट डायनॅमोच्या बॉडीपर्यंत जाड वायर टाकली. ही वायर मी जुन्या गाडीत टाकतोच. चॅसिसच्या गंजावर भरवसा कोण ठेवणार? पुन्हा मोजलं, दोन्हीकडे सारखाच आकडा. कागद काढला, डिस्टिल्ड वॉटर भरलं, नवे बल्ब लावले. रेस दिल्यावर लाइट तेवढाच राहिला.

निघताना म्हटलं, "शेठ, आधीचा कटआउट जपून ठेवा, तोही चांगलाच असणार."

शेठ पोराकडे बघायला लागले. पोरगा म्हणाला, "तो कालच भंगारात गेला."