सहा कामट्यांची काठी

रविवार, रात्री साडेअकरा

गळाच्या काठीवरचं जुनं व्हार्निश आज एकदाचं उतरलं. चार संध्याकाळी खर्ची पडल्या. पॉलिश पेपर शेजारीच पडला होता, पण हात लावला नाही. मागच्या काठीवर तो फर्रकन फिरवला आणि ती कायमची लुळी पडली. बांबूचा सगळा जोर सालीलगतच्या धाग्यांत. आत जावं तसा तो मऊ होत जातो. म्हणून तर त्रिकोणी तासलेल्या सहा कामट्या, साल बाहेर ठेवून, एकमेकींना चिकटवतात. आणि मी तीच साल घासून काढली होती! या खेपेला चाकूची पाठ आडवी धरून हलकेच खरवडत गेलो. व्हार्निशचे मधाच्या रंगाचे पापुद्रे मांडीवर पडत होते. पेराच्या गाठींपाशी चाकू अडखळतो, तिथे श्वास रोखूनच काम.

शेंड्याला किंचित बाक आलाय. गरम करून सरळ करता येतो म्हणतात. पण जुन्या काठ्या सरसाने चिकटवलेल्या असायच्या, आणि सरस उष्णतेने सुटतो. बाक काढायला जावं आणि हातात सहा काड्या याव्यात. राहू दे तसाच. मासा काही काठी सरळ आहे का बघून गळाला लागत नाही.

दोऱ्याने मात्र फजिती केली. गळाची दोरी ओवायच्या कड्या काठीला बांधायला हौसेनं लालभडक रेशीम आणलं. नशीब, आधी एका तुकड्यावर गुंडाळून व्हार्निश लावून पाहिलं. रेशीम ते पिऊन पारदर्शक झालं, लाल गेला आणि खालच्या बांबूचा तपकिरी वर आला. रंग टिकवायचा तर आधी वेगळं द्रावण लावावं लागतं. मग वाटलं, नकोच. हा तपकिरीच काठीला शोभतोय. वळसे नखाने सरकवत एकमेकांना भिडवले; आठ कड्यांत तीन उसवून पुन्हा बांधल्या.

मुठीचा कॉर्क साबणाच्या पाण्याने पुसला. अंगठ्याच्या जागी झिजून खळगा पडलाय. कॉर्कचा भुसा आणि गोंद भरून तो बुजवता आला असता. माझा अंगठा तिथवर पोचत नाही. ज्याची काठी होती त्याचा पंजा मोठा असणार. नाही बुजवला.

नव्या व्हार्निशचा पहिला हात देऊन काठी उभी टांगलीय. दोन दिवस बोट लावायचं नाही. उद्या सकाळी लावणारच, माहीत आहे मला.