भर वैशाखात घरातली कोथिंबीर

एप्रिल उजाडला की जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे गच्चीवरच्या कुंडीतली कोथिंबीर संपली म्हणून समजा. धणे उगवत नाहीत, आणि उगवलेच तर चार पानांवर दांडा काढून फुलावर येतात. शेडनेट लावा, दोनदा पाणी घाला, ४३-४४ अंशांच्या हवेत फरक थोडाच पडतो. घरात ट्यूबलाइटखाली मात्र ती मे महिन्यातही छान येते, कारण तिथे प्रकाश, गारवा आणि रात्र तिन्ही आपल्या हातात असतात. रात्र हा शब्द मुद्दाम लिहिलाय. पहिल्यांदा लावणारे बहुतेक जण तिथेच चुकतात.

कोथिंबीर मोठ्या दिवसाची वनस्पती आहे. दिवस लांबला आणि उष्णता वाढली की ती पानं सोडून फुलाच्या मागे लागते. घरात दिवे लावणाऱ्याला वाटतं, १६-१८ तास उजेड दिला तर दुप्पट वाढेल. वाढते, पण बियाण्याकडे. तिला ११ तासांपेक्षा जास्त उजेड देऊ नका आणि उरलेले १३ तास खरा अंधार द्या.

हे ११ तास कुठले निवडायचे? आपल्याकडे रात्रीचे. दुपारी खोली आधीच तापलेली असते, त्यात दिव्यांची उष्णता कशाला? स्लॅबचं घर असेल तर आठ-नऊ वाजेपर्यंत छत उष्णता सोडतच असतं, म्हणून दिवे रात्री १० ला लावून सकाळी ९ ला बंद करावेत. जुनं धाब्याचं घर असेल तर नशीबच. जाड मातीच्या भिंतींची आतली खोली यासाठी उत्तम. सगळ्यात वाईट जागा म्हणजे वरच्या मजल्यावरची पश्चिमेची खोली.

इथेच दुसरी चूक होते. रात्रभर दिवे आणि दिवसा खिडकीतून उजेड, म्हणजे रोपाच्या दृष्टीने रात्र झालीच नाही. खिडकीतला उजेड वाढीला पुरत नाही, पण दिवस आहे एवढं रोपाला कळायला तो पुरतो. तेव्हा सकाळी ९ नंतर खिडकीला दुहेरी जाड पडदा हवाच, किंवा रॅकवर चारही बाजूंनी काळं कापड सोडा. ते खालून चार बोटं मोकळं ठेवा, नाहीतर आत हवा कोंडते. खोली अंधारी करणं जमतच नसेल तर दिवे रात्री लावूच नका. सकाळी ७ ते संध्याकाळी ६ लावा आणि कूलर जोरात ठेवा.

दिव्यांसाठी महागडे जांभळे पॅनेल लागत नाहीत. ४ फूट लांब आणि दीड फूट रुंद फळीसाठी २० वॅटच्या पांढऱ्या एलईडी ट्यूब ६ घ्या, ६५०० केल्विनच्या, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाच्या. दोन ट्यूबमध्ये साधारण ३ इंच अंतर, आणि रोपांच्या शेंड्यापासून उंची ६ ते ८ इंच. साखळीवर टांगल्या तर रोपं वाढतील तशा वर घेता येतात. मोबाइलच्या लक्समीटरवर (उजेड मोजणारं ॲप) पानांच्या पातळीला १२ ते १५ हजार लक्स दिसायला हवेत. एक-दोन ट्यूब लावून काम भागवलं की रोपं दोऱ्यासारखी लांब होऊन आडवी पडतात. एकूण १२० वॅट, ११ तास, म्हणजे दिवसाला १.३२ युनिट आणि महिन्याला चाळीसेक.

टायमर डिजिटल आणि आत बॅटरी असलेला घ्या. फिरत्या चकतीचा टायमर वीज गेली की थांबतो. रोज दोन तास वीज गेली तर तो आठवड्यात १४ तास मागे पडतो आणि दिवे भलत्याच वेळी लागू लागतात. वायरी आणि प्लग पाण्याच्या वरच्या बाजूला असावेत, ट्रेखाली कधीच नाहीत.

काळी माती ट्रेमध्ये भरू नका. शेतात ती सोन्यासारखी, पण सहा इंचांच्या ट्रेमध्ये ओली झाली की फुगते, मुळांची हवा बंद करते, आणि वाळली की भेगाळून मुळं तोडते. कोकोपीट घ्या. ५ किलोची वीट भिजवली की ६५-७० लिटर होते. साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवून क्षार काढा, मग १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घातलेल्या पाण्यात रात्रभर ठेवून निथळा. हे टाळलं तर कोकोपीट सुरुवातीला दिलेलं कॅल्शियम स्वतःच धरून ठेवतं. भोकं असलेला ट्रे ५-६ इंच खोल हवा, कारण कोथिंबिरीचं मूळ सरळ खाली जातं. म्हणूनच रोपं तयार करून दुसरीकडे लावू नयेत. सोटमूळ दुखावलं की ती लवकर फुलावर येते.

किराणा दुकानातले धणे जुने असू शकतात, त्यामुळे बियाणंच आणा. या फळीला २० ग्रॅम पुरे. चपलेने किंवा लाटण्याने हलकेच रगडून धण्याच्या दोन फाकी करा, पीठ होऊ देऊ नका. १२ तास भिजवा, दोन-दोन सेंटीमीटरवर टाका, वर अर्धा इंच कोकोपीट. ३० अंशांच्या वर उगवण ढेपाळते, म्हणून कोंब दिसेपर्यंत ट्रे जमिनीवर, कूलरच्या वाऱ्यात, ओल्या गोणपाटाखाली ठेवा. ७ ते १२ दिवस लागतात. कोंब दिसताच गोणपाट काढून ट्रे दिव्याखाली न्या.

आपली कोरडी हवा इथे कामाला येते. एप्रिल-मेमध्ये कूलर खोली २८-३० अंशांपर्यंत सहज उतरवतो, फक्त समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं हवं. पडद्यामागून हवा बाहेर जाऊ द्या. पण कूलरच्या टाकीतलं पाणी झाडांना अजिबात घालू नका. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि आठवडाभरात ते मूळ पाण्यापेक्षा कितीतरी खारट होतं. आरओतून बाहेर फेकलं जाणारं पाणीही नको.

बोअरचं पाणी जड असेल तर महिन्याभरात नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतील. मुळांपाशी लोह असतं, पण पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) वाढल्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. पाण्याचा पीएच ५.८ ते ६.३ वर आणा. फॉस्फोरिक ॲसिड थेंबाथेंबाने, हातमोजे घालून, आणि नेहमी पाण्यात ॲसिड, उलट नाही. लिंबूसत चालतं, पण त्याचा परिणाम एक-दोन दिवसांत ओसरतो.

खत दोन खरी पानं (सुरुवातीच्या दोन लांबट पानांनंतरची कातरलेली) आल्यावर सुरू करा. एका पाण्याला लिटरमागे अर्धा ग्रॅम १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विरघळणारं खत) आणि पाव ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, पुढच्या पाण्याला अर्धा ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट. दोन्ही एकत्र कालवू नका. पांढरा साका बसतो. ड्रीपवाल्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही, त्याचे ड्रीपर याच कारणाने तुंबलेले असतात. पानांच्या कडा करपल्या तर खत जास्त झालं. साधं पाणी खालून निथळेपर्यंत घाला.

पाणी रोज घालायचं नाही. वरचा अर्धा इंच कोरडा झाला आणि ट्रे उचलल्यावर हलका लागला की द्या. सतत ओलं ठेवलं तर चिलटं होतात आणि रोपं बुडाशी काळी पडून कोलमडतात. कोलमडलेल्या जागेला औषध नाही, तेवढा तुकडा कोकोपीटसकट उचलून टाका. लाल कोळी पानांच्या खाली असतो. पानं बारीक टिंबांनी फिकट दिसली की उलटून बघा. निंबोळी तेल ३ मिली लिटरला, थोडा साबण, दिवे बंद असताना फवारा. कापणीच्या आधीचे १० दिवस मात्र काही फवारू नका, भरितात कडूपणा उतरतो.

३५ ते ४० दिवसांनी बाहेरची पानं दीड-दोन इंच बूड ठेवून कापा. मधला कोंब राखला तर १५-१८ दिवसांत दुसरी कापणी मिळते. तिसऱ्याची वाट बघू नका, दर १५ दिवसांनी नवा ट्रे पेरा.

जूनमध्ये ढग आले की कूलर बंद करून नुसता पंखा ठेवा. त्या दमट हवेत कूलर गारवा देत नाही, फक्त भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) आणतो. आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्रे सरळ गच्चीवर न्या. तेव्हा दिवे जाळायची गरज नाही.