कडुनिंबाशेजारी खोली काढताना

पुण्यातल्या मांजरी भागात आमच्या बैठ्या घराला मागच्या अंगाला एक खोली काढायची होती. मिस्त्री म्हणाले, "चार फूट खणू, सोलिंग टाकू, झालं." सोलिंग म्हणजे पायातला दगडांचा थर. मीही हो म्हणणार होतो. पण स्वयंपाकघराच्या खिडकीखालची तिरपी भेग गप्प बसू देईना. मे महिन्यात तिच्यात रुपयाचं नाणं उभं मावतं, गणपतीत मावत नाही.

पाया-कॉलमचं डिझाइन करणाऱ्या आरसीसी कन्सल्टंट मॅडमनी भेग पाहिली, मग बारा फुटांवरचा कडुनिंब. काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आक्रसते. आणि उन्हाळ्यात झाड मुळांनी ओल ओढून घेतं, म्हणून घराचा तोच कोपरा जास्त खचतो.

"मग झाडच काढू?" मी विचारलं. आईने माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं ऐकायची गरजच नव्हती. तरी मॅडम म्हणाल्या, "वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागेल ते वेगळंच. पण झाड गेलं की वर्षानुवर्षं कोरडी राहिलेली माती पुन्हा पाणी धरते, फुगून पाया वर ढकलते. ते जास्त वाईट."

लॅबमध्ये मातीची परीक्षा बघायला मुद्दाम गेलो. काचेच्या दोन नळ्या, दोन्हींत 10 ग्रॅम माती. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. दुसऱ्या दिवशी रॉकेलमधली माती 10 मिलीवर होती तशीच, पाण्यातली 18 वर. म्हणजे 80 टक्के फुगवटा. चार फुटांचा विषय तिथेच संपला.

बोळात जेसीबी शिरेना, खड्डा हातानेच खणला. पाच फुटांवर बोटाएवढी मुळं, आठ फुटांवर मुरूम, काळ्या मातीसारखा न फुगणारा. मुरूम फार खोल असता तर अंडररीम पाइल, म्हणजे खाली फुगा असलेले जमिनीतले खोल काँक्रीटचे खांब, घ्यावे लागले असते. आमचं फुटिंगवर, म्हणजे कॉलमखालच्या रुंद काँक्रीटच्या बैठकीवर भागलं. पण जुना पाया चार फुटांवरच, त्याला लागून आठ फूट खणलं तर तोच घसरायचा. म्हणून कॉलम पाच फूट अलीकडे घेऊन बीम तिथून जुन्या भिंतीपर्यंत कॅन्टिलिव्हर, म्हणजे पुढच्या टोकाला आधार न देता काढला. प्लिंथ बीमखाली, म्हणजे जोत्याच्या बीमखाली चार इंच पोकळी सोडली, माती फुगली तरी बीमला धक्का नको म्हणून. भरावाला मुरूम, खणलेली काळी माती परत टाकू दिली नाही, यावरून मिस्त्री दोन दिवस रुसले होते.

महापालिकेच्या नकाशा-मंजुरीवर लिहायला वेगळा जन्म हवा. पायाचा खर्च मिस्त्रींच्या अंदाजाच्या जवळपास दुप्पट झाला.

जुन्या-नव्या भिंती एकमेकींत गुंतवल्या नाहीत, मध्ये एक इंचाचा सांधा ठेवून सीलंट भरलं. यंदा मे महिन्यात ते ताणलेलं दिसलं. नव्या भिंतीवर ओरखडाही नाही. खिडकीखालच्या भेगेत नाणं अजून मावतं.